हे शाहू कोणते, या चन्नम्मा कोणत्या? सीमाभागातील वाचकांसाठी नामसाम्य सोडवण्याची रीत

बेळगाव शहरात शाहूनगर आहे, धर्मवीर संभाजी चौक आहे, राणी चन्नम्मा चौक आहे आणि नरगुंदकर भावे चौकही आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूला गेले तरी शाळा, वाचनालये, तालमी आणि पतसंस्था यांच्या पाट्यांवर शिवाजी, संभाजी, शाहू, राजाराम, बसवेश्वर हीच नावे पुन्हा पुन्हा दिसतात. ही नावे रोजच्या बोलण्यात इतकी रुळलेली आहेत की त्यांतील बहुतेक नावांच्या एकाहून अधिक थोर व्यक्ती वेगवेगळ्या काळात होऊन गेल्या, हे सहसा ध्यानात येत नाही. मग एका शतकातील माणसाचे कार्य दुसऱ्या शतकातील माणसाच्या नावावर जमा होते, स्मरणिकेत एकाच्या चरित्राशेजारी दुसऱ्याचे चित्र छापले जाते आणि तेच छापील पान पुढच्या लेखकाचा आधार बनते.

शाळेत इतिहास शिकवणारे शिक्षक, जयंतीचे भाषण तयार करणारे विद्यार्थी, शिवजयंतीच्या चित्ररथावरील फलकाचा मजकूर लिहिणारे कार्यकर्ते आणि आपल्या गावाची माहिती गोळा करणारे हौशी अभ्यासक यांच्यासाठी ही रीत मांडत आहे. तिचे सूत्र तीन प्रश्नांत सांगता येते : कोणाचा, कुठला आणि कधीचा? नावापुढे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ओळख पटली असे मानू नये. मात्र कोणता प्रश्न कुठे उपयोगी पडतो आणि कुठे दगा देतो, हे उदाहरणांवरूनच कळते.

आधी त्या नावाचे किती जण आहेत ते मोजावे

एखादे नाव समोर आले की आपले मन लगेच सर्वांत प्रसिद्ध व्यक्तीकडे धावते. ते थोपवून पहिल्याने कागदावर त्या नावाच्या, आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या व्यक्ती लिहून काढाव्यात. शाहू या नावापासून सुरुवात करू. छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र, सातारच्या गादीचे शाहू महाराज यांचा जन्म १६८२चा आणि मृत्यू १७४९चा. त्याच सातारच्या गादीवर १७७७ ते १८०८ या काळात दुसरे शाहू होते, ज्यांचे पुत्र प्रतापसिंह महाराज होत. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. त्यांचा जन्म १८७४चा, ते १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ मध्ये ते निवर्तले. ही झाली तीन माणसे, दोन गाद्या आणि सुमारे अडीचशे वर्षांचा पट.

आता समजा, एखाद्या निबंधात असे वाक्य आले आहे : "शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले आणि मागासलेल्या समाजासाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या." वाक्याचे दोन्ही भाग खरे आहेत, पण त्यांचा कर्ता एक नाही. अशा वेळी वाक्यातील प्रत्येक क्रियापदाला साल लावून पाहावे. पेशवेपद दिले गेले ते १७१३ मध्ये आणि राखीव जागांचा जाहीरनामा निघाला तो १९०२ मध्ये. मध्ये १८९ वर्षे आहेत. एका माणसाच्या आयुष्यात ती बसत नाहीत, म्हणजे वाक्यात दोन शाहू एकत्र झाले आहेत. ही चाचणी साधी आहे, पाचवी-सहावीतील मुलांकडूनही ती करून घेता येते आणि जयंतीच्या भाषणांतील बहुसंख्य घोटाळे तेवढ्यानेच सुटतात.

चित्र निवडतानाही असाच एक साधा निकष वापरावा. छायाचित्रणाची कला १८३९ नंतर सर्वत्र पसरली, त्यामुळे राजर्षी शाहूंची छायाचित्रे उपलब्ध आहेत, पण सातारच्या शाहूंचे छायाचित्र असूच शकत नाही. तिथे रंगवलेले चित्रच असणार. इंटरनेटवर नुसते "शाहू महाराज" असे शोधले की दोघांची चित्रे एकाच पानावर सरमिसळ होऊन येतात. म्हणून नावासोबत "सातारा" किंवा "कोल्हापूर" हा शब्द आणि एखादे साल टाकूनच शोध घ्यावा.

वडिलांचे नाव : सर्वांत खात्रीची खूण

मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मधोमध येते आणि नामसाम्याच्या प्रश्नात याइतका उपयोगी भाग दुसरा नाही. पेशव्यांच्या घराण्यात हे फार स्पष्ट दिसते. पहिले बाजीराव कागदोपत्री "बाजीराव बल्लाळ" आहेत. बल्लाळ म्हणजे बाळाजी, अर्थात बाळाजी विश्वनाथांचे पुत्र. दुसरे बाजीराव "बाजीराव रघुनाथ", म्हणजे राघोबादादांचे पुत्र. पहिल्या माधवरावांच्या नावात बल्लाळ येते, तर सवाई माधवरावांच्या नावात नारायण.

ही खूण किती मोलाची आहे हे पाहण्यासाठी पहिल्या बाजीरावांची मुद्रा जवळून वाचावी : "श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान". मुद्रेत राजाचे नाव आहे आणि प्रधानाचेही आहे. वरवर वाटते की राजा शाहू आणि पेशवा बाजीराव ही जोडी सांगितली की काळ आपोआप ठरला. तसे होत नाही. ही जोडी इतिहासात दोनदा आली आहे. १७२० ते १७४० या काळात सातारच्या गादीवर शाहू होते आणि पेशवेपदी बाजीराव होते. पुन्हा १७९६च्या अखेरीपासून १८०८ पर्यंत गादीवर शाहूच होते, पण दुसरे, आणि पेशवेपदी बाजीरावच होते, तेही दुसरे. राजाचे नाव तेच, प्रधानाचे नाव तेच आणि राजधानीही तीच. मुद्रेतील फक्त "बल्लाळ" हा एक शब्द आपल्याला पाऊणशे वर्षांची चूक करण्यापासून वाचवतो. म्हणून जुन्या कागदाची नक्कल उतरवून घेताना मधले नाव गाळण्याची सवय पूर्ण सोडावी. जागा वाचवण्यासाठी ज्या शब्दावर काट मारली जाते, ओळख नेमकी त्याच शब्दात असते.

संभाजी या नावाची गाठही वडिलांच्या नावानेच सुटते. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी हे शहाजीराजांचे पुत्र, आणि ते कनकगिरीच्या वेढ्यात कामी आले. १६५७ मध्ये जन्मलेले आणि १६८९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने ज्यांची हत्या झाली ते छत्रपती संभाजी हे शिवाजी महाराजांचे पुत्र. सातारच्या शाहूंशी १७३१ मध्ये वारणेचा तह करणारे कोल्हापूरचे संभाजी हे राजाराम महाराजांचे पुत्र. बेळगावच्या चौकाला लावलेले "धर्मवीर" हे विशेषण मधल्या संभाजींकडे निःसंशय बोट दाखवते. पाटीवर विशेषण लिहिण्याचा हा मोठा फायदा आहे आणि तो जपला पाहिजे.

"पहिले", "दुसरे" हे आकडे मात्र वडिलांच्या नावाची जागा घेऊ शकत नाहीत. ताराबाईंचे पुत्र शिवाजी हे थोरल्या छत्रपतींपासून मोजले तर दुसरे ठरतात आणि कोल्हापूरच्या गादीपासून मोजले तर पहिले. एकाच राजाला दोन पुस्तकांत दोन आकडे लागलेले दिसतात ते यामुळेच. माझे स्पष्ट मत असे आहे की मराठी लेखनात आकडा एकटा कधीच वापरू नये. त्यासोबत गादीचे गाव आणि कारकिर्दीची साले द्यावीत, आणि ती दिली की आकडा वगळला तरी काही बिघडत नाही.

आजोबांचे नाव नातवाला

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे आजही घरोघर आहे. एका घराण्यात दोनच नावे आलटून पालटून का येतात, याचे उत्तर या चालीत आहे. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव आणि त्यांचे पुत्र पुन्हा बाळाजी, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर ही चाल किमान नऊशे वर्षांपूर्वीपासून दिसते, हे फारसे सांगितले जात नाही. खानापूर तालुक्यातील हलशीशी ज्यांचा निकटचा संबंध होता त्या गोव्याच्या कदंब घराण्यात जयकेशी, त्यांचे पुत्र विजयादित्य, त्यांचे पुत्र जयकेशी, त्यांचे पुत्र पुन्हा विजयादित्य आणि त्यांचे पुत्र तिसरे जयकेशी अशी साखळी आहे. सौंदत्ती आणि बेळगाव येथून राज्य करणाऱ्या रट्ट घराण्यातही तिसरे कार्तवीर्य, मग लक्ष्मीदेव, मग चौथे कार्तवीर्य आणि मग पुन्हा लक्ष्मीदेव असा क्रम लागतो.

इथे वडिलांच्या नावाची खूण निकामी होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. "विजयादित्याचा पुत्र जयकेशी" एवढेच वाचून दुसरे जयकेशी की तिसरे, हे ठरत नाही, कारण दोघांचेही वडील विजयादित्यच. आजोबांचे नावही उपयोगी नाही, कारण तेही दोघांचे सारखेच, जयकेशी. अशा वेळी रक्ताच्या उभ्या रेषेऐवजी आडव्या नात्यांकडे वळावे. पत्नी कोण, भाऊ कोण, सार्वभौम राजा कोण, मंत्री कोण हे पाहावे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सहाव्या विक्रमादित्याची कन्या मैललदेवी ही राणी म्हणून उल्लेखली असेल, तर ते जयकेशी दुसरेच. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४च्या सुमारास बांधवणाऱ्या बीचिराजाचे नाव मंत्री म्हणून आले, तर ते कार्तवीर्य चौथेच. शिलालेखांच्या प्रकाशित वाचनांत राजाच्या नावावर लक्ष खिळते आणि राणी, मंत्री, दान घेणारा यांची नावे आपण भराभर ओलांडतो. नामसाम्य सोडवायचे असेल तर वाचनाचा क्रम उलटा ठेवावा.

हलशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. तिथे सापडलेले प्राचीन ताम्रपट बनवासीच्या कदंबांचे आहेत, ज्यांचा काळ चौथे ते सहावे शतक असा आहे आणि ज्यांच्या लेखांत हलशीचे नाव पलाशिका असे येते. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिराशी जोडलेले कदंब मात्र गोव्याचे, म्हणजे त्यानंतर पाच-सहा शतकांनी आलेले. गाव एक आणि घराण्याचे नावही एक असल्यामुळे "हलशीचे कदंब" हा शब्दप्रयोग सालाविना करू नये.

सौंदत्तीचे कार्तवीर्य

नामसाम्याचे जे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते सौंदत्तीचे आहे. यल्लम्मा म्हणजे रेणुका, तिचे पती जमदग्नी आणि पुत्र परशुराम ही कथा आपल्या भागातील प्रत्येक घरात सांगितली जाते. या कथेत जमदग्नींची धेनू बळाने नेणारा सहस्रबाहू राजा आहे तो कार्तवीर्य अर्जुन. आणि ज्या सौंदत्तीच्या डोंगरावर देवीची यात्रा भरते, त्याच सौंदत्तीत अकराव्या ते तेराव्या शतकांत रट्टांची राजधानी होती आणि त्या घराण्यात कार्तवीर्य नावाचे चार राजे होऊन गेले. पुढे त्यांनी राजधानी वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास आणली.

त्यामुळे सौंदत्ती परिसरातील एखाद्या शिलालेखात "कार्तवीर्य" हे नाव आढळले की ऐकणाऱ्याच्या मनात यात्रेतील कथा जागी होते आणि पुराणातील राजाचा पुरावा सापडला असे सांगितले जाऊ लागते. इथे "कधीचा" हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. ज्या कार्तवीर्याच्या नावासोबत शक, संवत्सर, तिथी, दान दिलेल्या जमिनीची मोजणी आणि साक्षीदार येतात, तो रट्ट राजा होय. ज्याच्यासोबत सहस्र बाहू, दत्तात्रेयांचा वर आणि परशुरामाचा परशू येतो, तो पुराणातील राजा होय. दोघांचीही जागा मोठी आहे, एकाची श्रद्धेत आणि दुसऱ्याची इतिहासात. कथा सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना दुरुस्त करण्याची काही गरज नाही. आपण लिहिताना "रट्ट राजे कार्तवीर्य" आणि "पुराणातील कार्तवीर्य अर्जुन" असे दोन वेगळे शब्दप्रयोग काटेकोरपणे वापरले की पुरे.

कुठला, हा प्रश्न : दोन चन्नम्मा आणि दोन असदखान

राणी चन्नम्मा या नावाच्या दोन पराक्रमी राण्या कर्नाटकाच्या इतिहासात आहेत आणि मराठ्यांच्या इतिहासाचा धागा त्यांतील एकीशी थेट जुळलेला आहे. केळदीच्या राणी चन्नम्मा, ज्यांचे राज्य आजच्या शिवमोग्गा परिसरात होते, त्यांनी १६८९ मध्ये जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय दिला आणि त्यासाठी औरंगजेबाचा रोष पत्करला. कित्तूरच्या राणी चन्नम्मा बेळगावजवळच्या काकतीच्या. त्यांनी दत्तक वारस नाकारणाऱ्या कंपनी सरकारशी १८२४ मध्ये लढा दिला, त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि १८२९ मध्ये बैलहोंगल येथे कैदेत असताना त्यांचा अंत झाला. पहिल्या घटनेपासून दुसरीपर्यंत १३५ वर्षे लोटली आहेत. बेळगावच्या चौकातील पुतळा कित्तूरच्या राणींचा आहे. "या चन्नम्मांनी राजाराम महाराजांना आश्रय दिला" असे त्या पुतळ्याखाली उभे राहून सांगितले गेले, तर दोन्ही राण्यांवर अन्याय होतो, कारण एकीचे औदार्य तिच्या नावावर राहत नाही आणि दुसरीचे स्वतःचे बलिदान झाकले जाते.

यावर उपाय म्हणजे गावाचे नाव व्यक्तीच्या नावाचाच भाग मानणे. कन्नडमध्ये "कित्तूर चन्नम्मा", "केळदी चन्नम्मा", "संगोळ्ळी रायण्णा" असे गाव जोडूनच बोलतात, आणि मराठीतही ते तसेच ठेवावे. मराठी ग्रंथांत चन्नम्मा आणि चेन्नम्मा अशी दोन्ही लेखने आढळतात, त्यामुळे लेखनातील फरक पाहून व्यक्ती वेगळी असल्याचा निष्कर्ष काढू नये.

असदखान हे नाव थोडक्यात पाहू. बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशिदीशी ज्याचे नाव जोडले जाते तो असदखान आदिलशाहीतील सरदार होता आणि तो १५४९ मध्ये मरण पावला. मराठ्यांच्या कागदांत वारंवार येणारा असदखान हा औरंगजेबाचा वजीर, जुल्फिकारखानाचा बाप, तो १७१६ मध्ये वारला. "असदखान" हा दोघांचाही किताब आहे. किताब अनेकांना मिळतो, म्हणून दरबार कोणता हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. विजापूरच्या दरबारातही अली आदिलशहा दोन झाले. १५६५च्या तालिकोटच्या लढाईतील अली पहिले, आणि १६५९ मध्ये अफझलखानाची स्वारी ज्यांच्या कारकिर्दीत निघाली ते अली दुसरे.

साल वाचताना

साल मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. ते कोणत्या गणनेचे आहे, हे पाहावे लागते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. मराठेशाहीच्या कागदांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावेत. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक इसवी सन १६७४ पासून सुरू होतो.

आपल्या भागातील शिलालेखांत मात्र एक गणना अशी येते की तिथे नामसाम्य खुद्द सालातच लपलेले असते. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये आपला स्वतंत्र शक सुरू केला, त्यास चालुक्य विक्रम वर्ष म्हणतात. उत्तरेतील विक्रम संवत हा त्याहून ११३२ वर्षे जुना, दुसऱ्याच विक्रमादित्याच्या नावाने चालणारा. लेखात "चालुक्य विक्रम वर्ष २०" असेल तर तो काळ १०९५-९६चा होय. वाचणाऱ्याने घाईत त्याला विक्रम संवत समजले तर तो इसवी सनापूर्वी ३८-३७ या वर्षी जाऊन पोहोचेल.

शकाची बेरीज करून माणूस कसा ओळखावा, याचे उत्तम उदाहरण भास्कराचार्यांचे आहे. या नावाचे दोन गणिती झाले. पहिल्यांनी ६२९ मध्ये आर्यभटाच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. दुसऱ्यांनी, म्हणजे लीलावतीच्या कर्त्यांनी, आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि छत्तिसाव्या वर्षी आपण ग्रंथ रचला, असे स्वतःच लिहून ठेवले आहे. १०३६ मध्ये ७८ मिळवले की १११४ येतात आणि त्यात ३६ मिळवले की ११५०. त्यांचे गाव विज्जडविड हे विजापूरच, असे काही अभ्यासक मानतात आणि काही जण ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात असल्याचे सांगतात. त्या पाटणच्या लेखात भास्कराचार्यांच्या नातवाचे नाव चांगदेव असे आहे. ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव ते हे नव्हेत.

बाबासाहेब, अण्णासाहेब, नानासाहेब

आदराने घेतलेले घरगुती नाव हेच पुढे रूढ होते आणि कागदावरचे नाव विसरले जाते, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. नरगुंदकर भावे चौक ज्यांच्या नावाने आहे त्या भास्करराव भावे यांना लोक बाबासाहेब म्हणत. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल त्यांना बेळगावात फाशी देण्यात आले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या गादीवर असलेले शिवाजी महाराज, ज्यांचे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीस नेऊन ठेवले, तेही बाबासाहेबच म्हणवले जात. इथे साल काहीच मदत करत नाही, कारण दोघे समकालीन आहेत. प्रांतही शेजारचाच. म्हणून सत्तावनच्या धामधुमीसंबंधी वाचताना नुसते "बाबासाहेब" आले तर संस्थान कोणते, हे पाहूनच नोंद करावी. आज हा शब्द उच्चारला की डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचीच आठवण होते आणि ती होणे योग्यच आहे, म्हणून जुन्या बाबासाहेबांविषयी लिहिताना त्यांचे पूर्ण नाव देणे अधिकच आवश्यक ठरते.

अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, त्यांचे कागदावरचे नाव बळवंत पांडुरंग. कोल्हापूरचे दिवाण आणि पुढे १९३७च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळातील अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांचे मात्र मूळ नावच अण्णा बाबाजी. नाटककार किर्लोस्करांना १८८५ मध्ये मृत्यू आला. लोखंडी नांगर करणारे कारखानदार किर्लोस्कर ते लक्ष्मणराव, त्याच गावचे आणि १८६९ मध्ये जन्मलेले. "गुर्लहोसूरचे किर्लोस्कर" एवढ्याने ओळख पटत नाही ती अशी.

नाना या हाकेमागे तर दोन बाळाजी आहेत. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव आणि नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन. कानपूरचे १८५७चे नानासाहेब ते धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र.

कन्नड नावे आणि कवींच्या मुद्रा

सीमाभागातील वाचकाला दोन भाषांतील नावांची ठेवण माहीत असावी लागते. द. रा. बेंद्रे यांचे नाव मराठी वळणाचे, म्हणजे दत्तात्रेय हे स्वतःचे, रामचंद्र हे वडिलांचे आणि बेंद्रे हे आडनाव. के. व्ही. पुट्टप्पा यांच्या नावात मात्र कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा हे वडिलांचे नाव आणि पुट्टप्पा हे स्वतःचे. मराठी वाचक पुट्टप्पा हे आडनाव समजतो आणि याद्या करताना तिथेच चुकतो. जुन्या म्हैसूर भागातील नाव वाचताना पहिले अक्षर बहुधा गावाचे असते, हे लक्षात ठेवावे. शोध घेताना नाव कन्नड लिपीतही टाकावे, कारण कित्तूर किंवा रट्ट घराण्याविषयीची माहिती मराठीपेक्षा कन्नडमध्ये अधिक आहे. ठिकाणासाठी बेळगाव, बेळगावी आणि वेणुग्राम ही तिन्ही रूपे वापरून पाहावीत. बेळगावी हे रूप सरकारी कागदांत २०१४ पासून आहे.

कवींच्या बाबतीत वडिलांचे नाव क्वचितच मिळते, तिथे मुद्रा, म्हणजे कवीने रचनेत गुंफलेले आपले नाव, पाहावी लागते आणि मुद्राही फसवू शकते. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकांतील, तर विष्णुदास नामा हे कवी सोळाव्या शतकातील. नामदेवही स्वतःला विष्णुदास नामा म्हणवत असल्यामुळे दोघांची रचना गाथेत मिसळली. इथे भाषेचे जुनेपण आणि अभंगात आलेल्या संतांची नावे हाच आधार. नामदेवांच्या पश्चात झालेल्या संताचा उल्लेख अभंगात असेल, तर तो अभंग त्यांचा नव्हे. मोरोपंतांची गाठ त्यामानाने सोपी आहे : शिवाजी महाराजांचे पेशवे ते मोरोपंत त्रिंबक पिंगळे, आणि आर्या रचणारे ते १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत रामचंद्र पराडकर.

लिहिताना

शोधून झाल्यावर लेखनात व्यक्तीचा पहिला उल्लेख पूर्ण करावा, म्हणजे नाव, वडिलांचे नाव, गादी किंवा गाव आणि कंसात जन्म-मृत्यूची किंवा कारकिर्दीची साले. त्यापुढे सोयीचे लहान नाव वापरले तरी चालते. एकाच लेखात दोन समान नावे येत असतील, तर प्रत्येक उल्लेखात गाव जोडावे, मग वाक्य थोडे लांबले तरी हरकत नाही. राजर्षी, धर्मवीर, सवाई, थोरले ही विशेषणे ओळख पटवतात. "महाराज", "साहेब", "राणी" हे शब्द फक्त आदर दाखवतात. दोन्ही लिहावेत, पण ओळखीचे काम पहिल्यांवरच सोपवावे. राजर्षी ही पदवी १९१९ मध्ये कानपूरला मिळाली, त्यामुळे १९०२च्या प्रसंगाविषयी लिहिताना ती वापरायची असेल तर आपण आजच्या रूढीने वापरत आहोत, एवढे भान असावे.

पाटी, कोनशिला किंवा स्मरणिका यांचा मजकूर तयार होत असताना तो छापण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा आणि त्याला एकच काम सांगावे : प्रत्येक नावापुढे "कोणाचा, कुठला, कधीचा" असे विचारत जाणे. उत्तर मजकुरातच सापडले पाहिजे, लिहिणाऱ्याच्या डोक्यात असून उपयोग नाही. आणि उपलब्ध पुराव्यावरून ओळख ठरत नसेल, तर तसे लिहावे. "शिलालेखातील जयकेशी हे दुसरे की तिसरे, हे या शिलालेखावरून ठरत नाही" हे वाक्य पूर्ण सन्मानाचे आहे. ते वाचणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला राणीचे किंवा मंत्र्याचे नाव कुठे सापडले, तर त्याला आपली नोंद खोडावी लागत नाही, फक्त पुरी करावी लागते.